दिवेलागणीनंतर

१८ जानेवारी २०२५

केसरचा तेरावा झाला. भटजी आठला आले, साडेदहाला गेले. पंचेचाळीस पानं उठली. वांग्याची भाजी कमी पडली, दुसऱ्या पंगतीला डाळीवर भागवलं.

केसरचा नवरा प्रज्योत कळंबोलीहून अकराला आला, तीनला गेला. जेवताना दोनदा फोनवर बोलला. गेली चार वर्षं केसर आणि तिची पोर ऋतिका माझ्याकडेच दिघीला होत्या. का, ते इथे लिहीत नाही. सख्खी धाकटी बहीण होती, घर मोठं आहे, मी एकटा आहे, एवढं पुरे.

ऋतिका दहा वर्षांची आहे. ६ तारखेला केसर गेली, तेव्हापासून ती एक शब्दही बोललेली नाही. जेवते, अंघोळ करते, सांगितलेलं ऐकते. बोलत नाही. शाळेतल्या बाईंनी महिनाभर घरी ठेवा म्हटलं आहे.

हात धुताना प्रज्योत म्हणाला, "दादा, एप्रिलपर्यंत बघू. नाहीतर पनवेलला एक होस्टेल आहे, अशा मुलांचं. प्रोफेशनल लोक आहेत, टेन्शन नाही."

मी विचारलं, अशा म्हणजे कशा. त्याने टॉवेल मागितला.

मी लाँचवर सारंग आहे, सुकाणू माझ्याकडे असतं; तिथे मी रोज फेऱ्यांची नोंद ठेवतो. घरातली नोंद ठेवायची सवय नाही. केसर होती तोवर गरज नव्हती, सगळं तिच्या लक्षात असायचं.

२१ जानेवारी

आजपासून कामावर. दिघी ते आगरदांडा आठ फेऱ्या. वारा नाही, पाणी सपाट. खलाशी धनेशने विचारलं, बरा आहेस ना सारंग. बरा आहे म्हटलं. बावीस वर्षं ही खाडी ओलांडतोय. या तीरावरून तो तीर दिसतो, वीस मिनिटांचं काम.

संध्याकाळी केसरची ट्रंक उघडली. साड्या शेजारच्या सोनाबाईला दिल्या. तळाशी एक जाड वही होती, लुगड्याच्या कापडाचं कव्हर घातलेली आणि जाळ्याच्या दोरीने बांधलेली. सुरुवातीची पानं आमच्या आईच्या हातची आहेत, शेवटची केसरच्या. दवाखान्यात पडून होती तेव्हा लिहिली असणार, अक्षर तिरकं गेलंय. सगळ्या गोष्टीच आहेत. कव्हरवर केसरने लाल पेनाने नाव घातलंय: दिवेलागणीनंतर. तिला नाव द्यायची हौस होती. बोकडालाही दिलं होतं.

मी गोष्टी वाचत नाही. वही ऋतिकाला दिली. तिने ती छातीशी धरली आणि खोलीत निघून गेली.

२२ जानेवारी

पोरगी बोलली.

मी कामावर असतो तेव्हा सोनाबाई तिच्याजवळ बसते. सत्तरी उलटलेली बाई, सुकी मासळी विकते. मला फाटकातच अडवून म्हणाली, "अनंता, तुझी मैना बोलली रे." जेवणानंतर वही उघडून मोठ्याने वाचायला बसली ती अजून थांबली नव्हती. मी खिडकीखाली उभा राहून उरलेलं ऐकलं, चार वाक्यं असतील. आवाज केसरचा नाही, पण शब्द तोडायची पद्धत केसरची. मला आत जाववेना.

यायला उशीर झाला. धक्क्यावरून निघालो, बाजारातून डावीकडे वळलो आणि बर्फाच्या कारखान्यापाशी निघालो. तो उजवीकडे आहे. सोळा दिवस झोप नाही, त्याचं असेल.

२५ जानेवारी

दुपारी सुट्टी होती, पूर्ण ऐकलं. वाचन झाल्यावर तिने मला विचारलं, "मामा, चहा करू?" तीन शब्द. मी हो म्हटलं आणि मोरीत जाऊन तोंड धुतलं.

केसर दवाखान्यात नोकरीला होती, तिची रात्रपाळी असायची. ती दुपारीच पोरीला काहीबाही सांगायची, दवाखान्यातल्या गमती, सिनेमाच्या गोष्टी. त्यामुळे दुपारची वेळ तिच्या अंगात बसलीय.

वहीतल्या गोष्टी मला आवडल्या नाहीत. सगळ्या एकाच माणसाच्या. एक होता मामा. मामाने खांद्याला पंचा टाकला आणि तो भाचीकडे निघाला. भाची दारात बसली होती. मग वाट, वळण, ओढा, पुन्हा वळण. कुठे राक्षस नाही, चोर नाही. मामा नुसता चालतो. शेवटी तो पोचतच नाही. भाची दारात बसलेली असते आणि दुसरी गोष्ट सुरू होते. असं कोण लिहितं? आई असं का लिहील? मला वाटलं ऋतिकाला भीती वाटेल, पण ती हसत वाचत होती.

२९ जानेवारी

पंपाचा भाग आणायला मोटारसायकल लाँचवर टाकून मुरूडला गेलो. बाराला आगरदांड्याहून निघालो. रस्ता एकच आहे, तो मुरूडच्या बाजारातूनच जातो. मी काशीदला पोचलो. समोर सुरूची झाडं आणि उंटावर बसलेले मुंबईचे लोक दिसले, तेव्हा कळलं. मुरूड लागलंच नाही. बाजार, चढण, पूल, काहीच आठवत नाही.

परत फिरलो. साडेतीनला मुरूड बरोबर लागलं. दुकानदार म्हणाला, सकाळपासून वाट बघतोय, कुठे फिरत होतास. मालकही बोलले. मी कोणाला काही सांगितलं नाही. सांगण्यासारखं काय आहे त्यात?

३ फेब्रुवारी

बाराच्या फेरीत हे घडलं. एकतीस माणसं, सहा मोटारसायकली. ऊन स्वच्छ. मी सुकाणूवर होतो, नजर आगरदांड्याच्या धक्क्यावर. धक्का मला दिसत होता. त्याच्यावरची निळी टपरी दिसत होती. धनेश वर आला आणि माझ्या शेजारी उभा राहिला. त्याने आधी चेष्टा केली, "काय सारंग, आज हवा खायला नेतोस काय पब्लिकला?" मग त्याने माझ्या तोंडाकडे पाहिलं आणि हळू आवाजात विचारलं, "कुठं चाललोय आपण?"

मी पुन्हा पाहिलं तर पुढे धक्का नव्हता. उघडा समुद्र होता. उजव्या हाताला जंजिऱ्याची भिंत, इतकी जवळ की तिच्यावरचं शेवाळ दिसत होतं. पाण्याचा रंग बदलला होता. लाँच हलायला लागली होती आणि ते मला पायांना कळलं नव्हतं.

धनेशने सुकाणू घेतलं. खाली एकजण मोबाइलवर शूटिंग करत होता. एका बाईने मूल कडेवर घट्ट धरलं होतं. "दारू पिऊन चालवतो काय रे?" ती म्हणाली. मी पीत नाही. उतरताना प्रत्येकजण मला काहीतरी बोलून गेला. एक म्हातारा पायाजवळ थुंकला.

मालकांनी दोन दिवस घरी बस म्हटलं. डोळे तपासून ये म्हटलं.

घरी आलो. ऋतिका फाटकात धावत आली आणि एका दमात सगळं सांगून गेली, सोनाबाईचं मांजर, दुधाचं सांडणं, आज तिने तीन गोष्टी वाचल्या. सोनाबाई म्हणाली, सकाळी अकरापासून बसली होती, जेवायला उठवलं तर रागावली.

आजच्या दिवसात एवढं एक चांगलं झालं.

६ फेब्रुवारी

डोळे तपासले. काही नाही.

प्रज्योतचा फोन आला. व्हिडिओ त्याच्यापर्यंत पोचलाय. म्हणाला, "दादा, तुम्ही लोकांना बुडवायला निघाला होतात, आणि माझी पोरगी तुमच्याकडे? मी येऊन बघतो." ये म्हटलं. चार वर्षांत किती वेळा आलास ते मात्र म्हटलं नाही.

सोनाबाई संध्याकाळी मासळीची टोपली घेऊन ओट्यावर बसली. मासळी निवडत राहिली. मग म्हणाली, "पोरीला दिवसा वाचू देऊ नको."

"का?"

"मामा वाट चुकतो."

मला हसू आलं. हे आमच्याकडे प्रत्येक पोराला सांगतात. पोरं भर कामात गोष्ट सांग म्हणून पदर ओढतात, तेव्हा त्यांना हाकलायला आया म्हणतात की दिवसा गोष्ट सांगितली तर मामा वाट चुकतो. मी तिला तसं म्हटलं. तीही दोन आठवडे रोज बसून ऐकतेच आहे, हेही म्हटलं.

"माझा मामा मेला कवाचा. मला कसलं भ्याव? तुझ्यासाठी सांगते. सगळ्या गोष्टींनी न्हाय चुकत. ह्या वहीतल्यांनी चुकतो."

मी म्हटलं, तू तुझी मासळी बघ. वाईट बोललो. ती उठली, टोपली डोक्यावर घेतली आणि जाता जाता म्हणाली, "मोरूलाबी असाच वाटला व्हता."

मोरूमामा आईचा धाकटा भाऊ. १९८७च्या मे महिन्यात तो म्हसळ्याहून आमच्याकडे यायला निघाला, फणस घेऊन. नाक्यावर गाडीतून उतरताना चार जणांनी त्याला पाहिलं. नाक्यापासून आमचं घर दहा मिनिटांवर. तो आला नाही. फणसही मिळाला नाही. आई म्हणायची, बाई घेऊन पळाला मेला. तिने मरेपर्यंत त्याचं नाव घरात काढू दिलं नाही. मीही त्याला शिव्या देतच मोठा झालो.

आता आठवायला बसलो तर एवढं आठवतं. त्या सुट्टीत आई दुपारची आम्हाला पडवीत घेऊन बसायची. मी तेरा वर्षांचा, केसर नऊची. आईच्या मांडीवर काहीतरी असायचं, लुगड्याच्या कापडात. ती म्हणायची, आता पुरे, पुढचं उद्या. आम्ही हट्ट करायचो. आम्हीच.

९ फेब्रुवारी

वहीचं कव्हर आज नीट पाहिलं. ते नाव नाही. केसर औषधाच्या बाटल्यांवर असंच लिहायची. जेवणानंतर. झोपताना. वापरायची वेळ लिहिलीय तिने.

म्हणजे तिला ठाऊक होतं. ठाऊक असून तिने ती वही ठेवली, वर दहा-बारा पानं आणखी लिहिली. पोरीला एवढं लिहिलंस केसर, भावाला एक ओळ लिहायला काय झालं होतं? शेवटच्या आठ दिवसांत मी रोज डबा घेऊन येत होतो. उशाशी बसत होतो. तोंडाने सांगायचंस.

मेलेल्या माणसावर रागावू नये म्हणतात. मी रागावलोय.

रात्री ऋतिकाला सांगितलं, उद्यापासून दिवे लागल्यावरच वाचायचं. तिने मान हलवली.

१३ फेब्रुवारी

तीन दिवस नोंद केली नाही. १० तारखेपासून लाँचवर आहे, धनेश शेजारी उभा राहतो. एकही चूक नाही. वळणं जिथल्या तिथे, धक्का जिथल्या तिथे. बाजारातून घरी नऊ मिनिटं.

घरी मात्र पोरगी पुन्हा गप्प आहे. दिवे लागले की वही उघडते. ओठ हलतात, आवाज येत नाही. दहा मिनिटं प्रयत्न करते, मग मिटते. दुसऱ्या दिवशी मी विचारलं तर तिने पाटीवर लिहून दाखवलं: रात्री आई कामावर असते.

काल तिने जेवण टाकलं. आज फक्त पेज घेतली. सोनाबाई तिच्या डोक्यावरून हात फिरवत बसली आणि माझ्याकडे बघितलं नाही.

१५ फेब्रुवारी

प्रज्योत आला. ऋतिका त्याच्यासमोर तासभर बसली, एक अक्षर नाही. तो गुडघ्यावर बसून "बेटा, पप्पाला सांग ना" म्हणत होता. खरं सांगायचं तर त्याचाही चेहरा उतरला होता. मग बाहेर येऊन चप्पल घालताना म्हणाला, "पुढच्या रविवारी येतो. बोलली नाही तर घेऊन जातो. फॉर्म भरून ठेवलाय." मला बोलायला वेळ लागतो, आणि माणसं तोवर थांबत नाहीत.

तो गेल्यावर वही घेऊन बसलो. मनात वाचली, ओठ न हलवता. आईच्या हातच्या पानांवर शाई तपकिरी पडलीय. तिसऱ्या गोष्टीत असं आहे: "मामा पाण्यावरून माणसं नेत असे. ह्या तीरावरून तो तीर दिसत असे. एके दिवशी मामाला दिसणारा तीर खरा नव्हता."

आई १९९९ साली वारली. मला सारंगाचा परवाना २००३ साली मिळाला. मोरूमामा गवंडी होता.

वही चुलीपाशी नेली. काडी ओढली. ऋतिका दारात येऊन उभी राहिली. तिने तोंड उघडलं, गळ्याच्या शिरा ताठ झाल्या, आणि आवाज नाही. कुत्र्याने भुंकावं आणि ऐकू येऊ नये, तसं. मी काडी फुंकून टाकली.

ही वही माझं वाईट चिंतते. असं वाक्य मी आयुष्यात लिहीन असं वाटलं नव्हतं. पण कोणी आपल्यावर टपून असलं की मानेला कळतं, तसं मला ती फडताळात असतानाही कळतं. तिला माझी भाची नको आहे. भाची फक्त तिचा आवाज आहे.

१७ फेब्रुवारी

नोकरी सोडली. मालकांना बरंच वाटलं, चहा पाजला. धनेश धक्क्यापर्यंत आला. म्हणाला, "सारंग, डोकं ठिकाणावर आलं की ये परत." चेष्टा करत नव्हता.

मी विचार केलाय. मामा वाट चुकतो, कारण तो वाटेवर असतो. मी कुठे गेलोच नाही तर चुकणार कुठे? घरात बसून राहायचं. सामान सोनाबाई आणेल. एप्रिलपर्यंत पोरीचा आवाज पक्का होईल, मग शाळा, मैत्रिणी, तिला वहीची गरज उरणार नाही. तेव्हा जाळू.

दहा वाजता वही तिच्या हातात दिली. म्हटलं, वाच. तिने पहिल्यांदा माझ्याकडे संशयाने पाहिलं. मग पडवीत बसली. सुरुवातीला नुसती हवा येत होती, अर्ध्या तासाने आवाज आला. मी झोपाळ्यावर बसून होतो. काही झालं नाही. दुपारी तिने दोन भाकऱ्या खाल्ल्या.

२० फेब्रुवारी

चौथा दिवस. ठीक. ती दिवसभर बडबडते. सोनाबाईला तिने मांजराचं बारसं करायला लावलं.

सकाळी स्वयंपाकघरात पाणी प्यायला गेलो तर माळ्याच्या जिन्यापाशी उभा होतो. पुन्हा फिरलो, पुन्हा जिना. तिसऱ्या खेपेला स्वयंपाकघर लागलं. घराला खोल्या चारच आहेत.

२३ फेब्रुवारी

रविवार. प्रज्योत गाडी घेऊन आला, मागच्या सीटवर रिकामी बॅग. ऋतिका पडवीत वाचत होती. तिचा आवाज ऐकून तो फाटकातच थांबला. ती उठली, वहीत बोट ठेवून तिने त्याला सांगितलं, "पप्पा, मी होस्टेलला जाणार नाही. मी आता बोलते."

तो खाली बसला आणि रडला. मला ते बघवेना. मी पाणी आणायला आत गेलो; मागे ती त्याला वाचून दाखवायला लागली.

बाहेर आलो तेव्हा तो उठून चपला घालत होता. म्हणाला, "दादा, पाऊण तास झाला. तुमच्याच घरात तुम्हाला पाणी सापडत नाही?" तांब्या माझ्या हातात होता. मी आत एक मिनिट होतो, असं मला वाटलं होतं. मी म्हटलं, माठ धुतला.

त्याने होस्टेलचा फॉर्म फाडला. बोलतेय तर विषयच संपला, म्हणाला. परीक्षा इथेच देऊ दे, जूनमध्ये तिकडे कळंबोलीला चांगली शाळा बघू. मी हो म्हटलं. चांगला वागला. त्याचं चांगलं वागणं लिहायला मला जड जातंय, पण नोंद म्हणजे नोंद.

२६ फेब्रुवारी

सकाळी साडेदहाला मागच्या विहिरीवर बादली घेऊन गेलो. मागचं दार ते विहीर बावीस पावलं. दुपारी पावणेदोनला परत आलो. मध्ये मी चालत होतो. माड होते, आमचेच वाटत होते, पण संपत नव्हते. पोरीचा आवाज सतत येत होता. आधी डावीकडून, मग पाठीमागून, मग जमिनीच्या पातळीवरून. शेवटी मी ओरडलो, ऋतिका! वाचणं थांबलं. समोर विहिरीचा रहाट दिसला, त्याच्यापलीकडे आमचं दार.

ती दारात उभी होती. "मामा, तू कुठे होतास?"

मी विहिरीवर होतो म्हटलं. नंतर ती दिवसभर बोलली नाही. माझ्या हाकेने वाचन मध्येच तुटलं म्हणून असेल.

२७ फेब्रुवारी

सकाळी आवाज यायला दोन तास लागले. मधूनच घसा दाबल्यासारखा व्हायचा. पुन्हा मध्येच तोडलं तर येईल की नाही, सांगता येत नाही.

सोनाबाई म्हणाली, "दे ती वही, मी जाळते. मला न्हाय कोण रडत अडवत."

मी म्हटलं, जाळलीस तर पोरगी मुकी होईल आणि पनवेलला जाईल.

"आन् तू?"

"मी लाँच चालवलेला माणूस. कुठंतरी लागेन."

तिने मला घाणेरडी शिवी दिली. सत्तर वर्षांच्या बाईच्या तोंडी शोभणार नाही अशी. मग बसली. मी तिला सगळं नीट सांगितलं. उद्यापासून तिने रात्री इथेच झोपायचं. पोरीने विचारलं तर मामा कामाला गेलाय म्हणायचं. वाचायला आडकाठी करायची नाही. एकदा मी नसलो की वहीला कोणाचं काही करता येणार नाही. ऋतिकाला दुसरा मामा नाही.

"आन् तिला कवातरी कळला म्हणजे?"

मला आईचा राग येतो, केसरचा येतो, पण त्या पोरीला कळू नये एवढंच वाटतं. सोनाबाईने शपथ घेतलीय.

१ मार्च

सकाळी घावणे केले. ऋतिकाने तीन खाल्ले आणि शाळेत सोमवारी जायचंय म्हणून दप्तर भरून ठेवलं. बाईंना फोन केला, त्या खूश झाल्या. साडेनऊला तिने वही उघडली. आवाज लगेच आला.

मी मागच्या वाडीत झावळ्या गोळा करायला गेलो. विहिरीवरचं लक्षात ठेवून पिशवी बरोबर घेतली होती. पाण्याची बाटली, थोडं खाणं, ही डायरी.

किती वाजले ते माहीत नाही. घड्याळात दहा वाजून पाच झाल्याला बराच वेळ झाला. ऊन डोक्यावर आहे. माड आहेत, खाली वाळू. वाळूत माझ्याच पावलांचे ठसे पुढे गेलेले दिसतात आणि मी अजून तिथे गेलेलो नाही. एका माडाच्या बुंध्याशी एक चप्पल होती, जुन्या पद्धतीची, टायरची. मी उचलली नाही.

आवाज येतोय. अगदी स्वच्छ. मघाशी वाटलं, पलीकडच्याच माडामागे पडवी आहे, दहा पावलं. मी दहा पावलं गेलो. वीस गेलो. मग थांबलो, कारण चालून उपयोग नाही हे कळतं.

हाक मारली तर ती थांबेल. दार दिसेल. मी दोनदा तोंड उघडलं. घाबरलोय, ते लिहितो. मला घरी जायचंय. सोमवारी तिला शाळेत सोडायला मला जायचं होतं.

पण ती आता मोठ्याने वाचतेय. कुठे अडखळत नाही, घसा दाबत नाही. मध्ये एकदा स्वतःशीच हसली आणि सोनाबाईला म्हणाली, "आजी, ऐक ना, झोपू नको." सोनाबाई काहीतरी म्हणाली. पुन्हा वाचायला लागली.

मी हाक मारली नाही.

भूक लागली. एका माडाच्या सावलीला बसलो. पिशवीतून फडकं काढलं, त्यात भाकरी होती आणि सुक्या जवळ्याची चटणी. अर्धी खाल्ली. दोन घोट पाणी प्यायलो, बाटलीचं झाकण घट्ट लावलं, आणि उरलेली अर्धी फडक्यात बांधून पुन्हा पिशवीत ठेवली.